खाज थांबत नाही, आणि चिठ्ठीवर डिप्रेशनची गोळी?

राधानगरीहून कोल्हापूरला त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडतो आणि एसटीचं भाडं वेगळं. एवढं करून आणलेली चिठ्ठी मेडिकलमध्ये दिली की दुकानदार सहज बोलून जातो, ‘ही तर डिप्रेशनची गोळी आहे.’ नाहीतर घरातलं कॉलेजला जाणारं पोर मोबाईलवर गोळीचं नाव शोधतं आणि तेच सांगतं. मग रुग्णाच्या मनात घर करतं ते एवढंच : डॉक्टरांना माझी खाज खोटी वाटली, मला डोक्याची गोळी दिली. गोळ्यांची पट्टी कपाटात जाते आणि ओळखीच्या दुकानातून पुन्हा एखादं मलम येतं.

खाजेने महिनोन्‌महिने झोप गमावलेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. नैराश्यावरची काही औषधं खाजेवर खरोखर उपयोगी पडतात, आणि ती खाज मनाची असते म्हणून नव्हे. मात्र खाजेचं कारण शोधल्याशिवाय ती सुरू करू नयेत, आणि सुरू केल्यावर मनाने बंदही करू नयेत. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

खाजेच्या दोन वाटा

अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की सेटिरिझीनची गोळी घेतो आणि तासा-दोन तासांत बरं वाटतं. त्या खाजेच्या मुळाशी हिस्टामिन नावाचं रसायन असतं आणि गोळी त्याचाच रस्ता अडवते. पण प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते. याचा पुरावा आपल्याच सह्याद्रीच्या झाडोऱ्यात वेलीवर लोंबतो. ती खाजकुयली.

खाजकुयलीच्या शेंगेवर तांबूस, मखमली लव असते. शेंग वाळली की वाऱ्यानेही ती लव उडते आणि मानेला, हाताला लागली की क्षणात माणूस हैराण होतो. गांधी फारशा उठत नाहीत, तरी खाज असह्य असते. १९५५ साली अमेरिकेतल्या शेली आणि आर्थर या संशोधकांनी या लवेत म्युक्युनेन नावाचं प्रथिन असल्याचं दाखवलं. २००८मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की हे प्रथिन हिस्टामिनला बाजूला ठेवून त्वचेतल्या वेगळ्याच ग्राहकांना (रिसेप्टरना) चेतवतं. म्हणून आज जगभरच्या प्रयोगशाळांत हिस्टामिनविना येणारी खाज अभ्यासायची, तर खाजकुयलीची लव वापरतात.

किडनीच्या रुग्णाची खाज, काविळीतली खाज, नागीण बरी झाल्यावर त्या जागी मागे राहिलेली खाज, वर्षानुवर्षं खाजवून जाड झालेल्या कातडीची खाज, या सगळ्या बहुतांशी या दुसऱ्या वाटेने येतात. एका पाटाचं दार बंद केलं तरी दुसऱ्या पाटाने पाणी शेतात येतच राहतं. सेटिरिझीन पहिलं दार बंद करते. दिवसाला दोन-दोन गोळ्या घेऊनही फरक पडत नाही याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

त्वचेतल्या अगदी बारीक नसा खाजेचा संदेश पाठीच्या कण्यात नेतात आणि तिथून तो मेंदूत जातो. या प्रवासात संदेश वाढवायचा की दाबायचा, हे ठरवण्यात सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या रसायनांचा वाटा असतो. नैराश्यावरची औषधं नेमकी याच रसायनांवर काम करतात. मूड सुधारण्यासाठी बनवलेलं औषध खाजेवर लागू पडतं ते यामुळे. त्यातली काही औषधं तर हिस्टामिनलाही जबरदस्त अडवतात. डॉक्सेपिन हे जुनं औषध प्रयोगशाळेतल्या मोजमापात अ‍ॅलर्जीच्या अनेक जुन्या गोळ्यांपेक्षा कित्येक पटींनी प्रभावी ठरलं आहे.

गोळीच्या आधी कारण

सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खाजेला डॉक्टर दीर्घकालीन खाज म्हणतात. ती असेल तर आधी पुढच्या गोष्टी तपासल्या गेल्या का, ते बघा.

पहिली खरूज. रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते का? घरात आणखी कुणाला खाज आहे का? बोटांच्या बेचक्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला, बेंबीभोवती, काखेत बारीक पुरळ आहे का? उजेडात भिंग धरून बघितलं तर बेचक्यात राखाडी रंगाची, काही मिलिमीटर लांबीची नागमोडी रेघ दिसते. तो किड्याने कातडीत कोरलेला बोगदा असतो. खरजेवर परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर लावायचं असतं. घरातल्या सगळ्यांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच रात्री ते लावायचं आणि आठवड्याने पुन्हा लावायचं. किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नये.

दुसरी गजकर्णाची. राधानगरी-दाजीपूर पट्ट्यात पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत. ओलसर बनियन, ओली चड्डी, रेनकोटच्या आतला घाम, यांतून जांघेत आणि कमरेला बुरशी धरते. दुकानातून आणलेल्या ‘तीन औषधांच्या’ मलमात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते आणि गजकर्ण आतून पसरत राहतं. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. तुम्ही आजवर लावलेल्या प्रत्येक मलमाची रिकामी ट्यूब डॉक्टरांना दाखवा. नुसतं ‘पांढरं मलम होतं’ म्हटल्याने त्यांना काही कळत नाही.

तिसरी रानातली. ऊस पाचटताना, तोडताना पानांची कुसं अंगात शिरतात. बांधावरचं गाजर गवत तर पुरा त्रास. १९५०च्या दशकात पुण्यात हे गवत प्रथम नजरेला आलं आणि पुढे त्याच्या हवेतून उडणाऱ्या कणांमुळे होणारा त्वचादाह महाराष्ट्रभर दिसू लागला. चेहरा, मान, कोपराची खोबण, अशा उघड्या जागी खाज असेल आणि रानात गेल्यावर ती वाढत असेल, तर गोळीच्या आधी पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल आणि घरी आल्याबरोबर अंघोळ, एवढं करून बघा.

चौथी गोष्ट म्हणजे कातडीवर काहीच दिसत नाही आणि तरी सगळं अंग खाजतं. इथे रक्ताच्या तपासण्या हव्यातच : हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी, साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या तपासण्या, थायरॉइड, शरीरातल्या लोहाचा साठा. नवीन सुरू केलेलं एखादं औषधही कारण असू शकतं. अंघोळीनंतर दर वेळी पाण्याच्या स्पर्शाने खाज सुटत असेल तर तेही सांगा, कारण रक्ताचा एक विशिष्ट आजार असा प्रकट होतो.

पुढची लक्षणं असतील तर मात्र थांबू नका : डोळे किंवा लघवी पिवळी होणं, कारण नसताना वजन घटणं, रात्री कपडे भिजवणारा घाम, बारीक ताप, मानेत किंवा काखेत गाठी. आणि पोटुशी बाईला शेवटच्या तीन महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री खूप खाज सुटत असेल, अंगावर पुरळ नसेल, तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना दाखवा. गरोदरपणात पित्ताचा प्रवाह अडल्याने ती खाज येते आणि बाळाला धोका असू शकतो. ‘पोट ताणतंय म्हणून खाजतंय’ असं म्हणून घरी बसवू नका.

मग ही गोळी कोणासाठी?

कारण शोधून त्यावर उपचार चालू आहेत, कोरडी कातडी तेलाने मऊ ठेवली आहे, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या पुरेशा घेऊन झाल्या, तरीही खाज रात्री झोपू देत नाही, अशा वेळी या औषधांचा विचार होतो. शेजाऱ्याला जी गोळी दिली तीच तुम्हाला दिली जाईल असं नाही.

डॉक्सेपिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही जुन्या पिढीतली औषधं. डॉक्सेपिन जुनाट पित्त, इसब आणि रात्रीच्या खाजेवर देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन नसांच्या खाजेवर. नागीण येऊन गेलेली जागा, पाठीवर खांद्याच्या पात्याजवळची एकच जागा, कोपराच्या वर-खाली हाताला येणारी आणि बर्फ लावल्यावरच निवणारी खाज, या नसांच्या खाजा आहेत. सुरुवात बहुधा १० मिलिग्रॅमने, रात्री. नैराश्यासाठी लागणाऱ्या मात्रेच्या मानाने हे फारच कमी आहे.

मिर्टाझॅपिन रात्री वाढणाऱ्या खाजेवर, किडनी-यकृताच्या आजारातल्या आणि कर्करोगातल्या खाजेवर वापरतात. १५ मिलिग्रॅमची अर्धी किंवा एक गोळी रात्री. झोप लागते, भूक वाढते. रोडावलेल्या रुग्णाला ही भूक हवीच असते, आधीच वजन जास्त असेल तर ती नको असते.

सर्ट्रालिन प्रामुख्याने काविळीच्या, म्हणजे पित्त अडल्याने येणाऱ्या खाजेवर देतात. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत दिवसाला ७५ ते १०० मिलिग्रॅम मात्रेने अशा रुग्णांची खाज कमी झाली. पॅरॉक्सेटिन कर्करोगाच्या रुग्णांच्या खाजेवर वापरलं गेलं आहे. जर्मनीतल्या म्युन्स्टर इथे पॅरॉक्सेटिन आणि फ्लुव्हॉक्सामिन दिलेल्या ७२ रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना कमी-अधिक गुण आला. २००९मध्ये हा अभ्यास छापून आला. त्यात तुलनेसाठी औषध नसलेल्या गोळीचा गट नव्हता.

या औषधांचा पुरावा आशादायक आहे, पण छोट्या-छोट्या अभ्यासांवर उभा आहे. खाजेसाठी म्हणून या गोळ्यांना वेगळी मान्यता नाही. डॉक्टर आपल्या अनुभवावर आणि या अभ्यासांवर भिस्त ठेवून ती देतात. ही वैद्यकातली रुळलेली पद्धत आहे. तुमच्यावर कुणी प्रयोग करत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

घेताना काय सांभाळायचं

डॉक्सेपिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझॅपिन यांनी पहिल्या काही रात्रींतच झोप सुधारते, खाजेवरचा परिणाम मागून येतो. सर्ट्रालिन-पॅरॉक्सेटिनला दोन-तीन आठवडे लागतात आणि पूर्ण गुण कळायला पाच-सहा आठवडे. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून गोळी टाकून देऊ नका.

रात्रीची गोळी जेवणानंतर, झोपण्याच्या तास-दोन तास आधी घ्या. उशिरा घेतली तर सकाळी डोकं जड राहतं. पहिल्या आठवड्यात पहाटे दूध घालायला मोटारसायकल काढणं, फोंडा घाटातून गाडी चालवणं, विहिरीच्या काठावर किंवा ट्रॅक्टरवर काम करणं टाळा. दारू अजिबात नको. दोन्ही मिळून गुंगी घातक होऊ शकते. म्हाताऱ्या माणसांनी रात्री लघवीला उठताना आधी काठावर बसावं, मग उभं राहावं, कारण रक्तदाब एकदम उतरून चक्कर येते.

तोंड कोरडं पडणं आणि शौचाला खडा होणं हे जुन्या गोळ्यांचे नेहमीचे त्रास. पाणी, फळं, पालेभाजी वाढवून बहुधा भागतं. पण प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल, काचबिंदू असेल, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर डॉक्सेपिन-अ‍ॅमिट्रिप्टिलिन घेण्याआधी ते स्पष्ट सांगा. सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळ होते, पातळ शौच होते, काहींची कामेच्छा कमी होते. हे बोलायला संकोच वाटतो, तरी सांगाच. गोळी बदलता येते. वयस्कर रुग्णांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सुस्ती, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर रक्त तपासून घ्या.

इतर गोळ्यांची यादी सोबत न्या. अंगदुखीची डायक्लोफेनॅक किंवा रक्त पातळ करायची गोळी सर्ट्रालिनसोबत घेतली तर रक्तस्राव वाढू शकतो. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी नैराश्यावरच्या या औषधांसोबत धोक्याची ठरू शकते. स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असलेल्या बाईंनी पॅरॉक्सेटिन टाळावं, कारण त्याने टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होतो. वैद्यांकडचं चूर्ण, काढा चालू असेल तर तोही सांगा. खाजकुयलीचं बी, म्हणजे कवचबीज, मेंदूतल्या रसायनांवर परिणाम करणारंच औषध आहे.

गुण आला म्हणून एका दिवसात गोळी बंद करायची नाही. पॅरॉक्सेटिनसारखी गोळी अचानक सोडली तर चक्कर, अस्वस्थपणा, अंगात झटके आल्यासारखं वाटणं, असा त्रास होतो. दारू-तंबाखूसारखं व्यसन या गोळ्यांचं लागत नाही. पण शरीराला सवय झालेली असते, म्हणून मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायची.

पंचविशीच्या आतल्या मुला-मुलींना या गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी त्यांच्या वागण्याकडे लक्ष ठेवावं. चिडचिड, बेचैनी, जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. रुग्णाला किंवा घरात कुणाला मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार असेल तर तेही आधी सांगावं. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. डॉक्सेपिन-अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या मोजक्या गोळ्याही लहान पोराच्या जिवावर बेतू शकतात.

डॉक्टरांकडे जाताना

राधानगरीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खरूज, गजकर्ण आणि साध्या तपासण्यांपासून सुरुवात करता येते. पुढे गरज पडली तर कोल्हापुरातलं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलेलं आहे.

जाण्याआधी आठवडाभर एका वहीत रोज चार गोष्टी लिहा. खाज किती, ते शून्य ते दहा आकड्यांत. रात्री किती वेळा जाग आली. कशाने वाढली, म्हणजे ऊन, घाम, कढत पाणी, एखादा पदार्थ की रान. आणि कुठे खाजली. बाह्या वर करून डॉक्टरांना कातडी दाखवा. जिथे हात पोचतो तिथे ती जाड, काळपट, रेघारेघांची झालेली असते आणि पाठीच्या मधोमध, जिथे हात पोचत नाही, तिथे अगदी साफ असते. नुसतं हे बघूनही अनुभवी डॉक्टरला पुष्कळ कळतं.

आणि हे प्रश्न विचारा : ‘डॉक्टर, माझ्या खाजेचं कारण काय सापडलं? ही गोळी कशासाठी? गुण किती दिवसांत यायला हवा? नाही आला तर पुढे काय? बंद कशी करायची?’ चिठ्ठीवर ‘खाजेसाठी’ असं लिहून मागितलं तर मेडिकलमधल्या आणि घरातल्या शंका तिथेच मिटतात.

गोळीच्या जोडीला घरी

कढत पाण्याच्या अंघोळीने तात्पुरतं बरं वाटतं आणि कातडी आणखी कोरडी पडते. कोमट पाणी घ्या, साबण काखेत-जांघेत पुरता, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलिन चोळा. नखं बारीक कापा. खाज सुटली की नखाऐवजी ओला गार फडका दाबून धरा. कंगवा, घासणी, दाराची कड यांनी पाठ घासायची सवय सोडा. खाजवलं की कातडी सोलते, सोललेली कातडी जास्त खाजते, आणि हे चक्र तोडल्याशिवाय कुठलंच औषध पुरं पडत नाही.

घरच्यांनी ‘खाजवू नको’ म्हणून दर पाच मिनिटांनी ओरडू नये. त्याने खाज थांबत नाही, माणूस फक्त लपून खाजवायला लागतो. लहानांना दटावण्यापेक्षा त्यांच्या हाताला काम द्यावं. आणि रात्र-रात्र जागलेल्या माणसाचं मन खरोखर खचतं, हेही ओळखावं. खाजेने उदासी येते आणि उदासीने खाज वाढते. असं खचलेपण जाणवत असेल तर ते डॉक्टरांना सांगण्यात कमीपणा नाही. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी, मराठीत, मोफत बोलता येतं.

सहा आठवडे नीट घेऊनही गोळीने गुण आला नाही तर रस्ते संपत नाहीत. किडनीच्या आणि नसांच्या खाजेवर गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन आहे, मोठ्या रुग्णालयांत अतिनील किरणांचा उपचार आहे, खाजवून उठलेल्या गाठींसाठी नवी इंजेक्शनंही आली आहेत, ती महाग असली तरी. कधी आधीचं निदानच पुन्हा तपासावं लागतं. खाज हा सोसून न्यायचा भोग नाही, तो आजार आहे आणि त्यावर इलाज आहेत. तुमच्या खाजेला सहा आठवडे होऊन गेले असतील, तर या आठवड्यातला एक दिवस तपासणीसाठी राखून ठेवा आणि वही आजच सुरू करा.